भामरागड, टीव्ही आणि आईबापांचे शहाणपण

मुलांनी टीव्ही किती पाहावा, कोणता पाहावा, मुळात पाहावाच का, या प्रश्नांवर गेल्या चाळीस वर्षांत मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या लेखनातला पालक बहुतेक वेळा एकच असतो. तो शहरात राहतो, त्याच्या घरी वर्तमानपत्र येते, मुलांचा डॉक्टर त्याच्या गल्लीत असतो आणि टीव्ही बंद केला तर मुलाच्या हाती द्यायला त्याच्याजवळ पुस्तक असते, खेळणे असते, नाही तर शिकवणी असते. ज्या आईबापांजवळ यातले काहीच नाही त्यांच्याविषयी लिहायची वेळ आली की आपण एका वाक्यात मोकळे होतो. 'अशिक्षित पालकांमध्ये आरोग्याची जाणीव नाही.' हे वाक्य आम्हीही अनेक वर्षे सभांमधून आणि लेखांमधून बिनदिक्कत वापरले. भामरागडला जाऊन आल्यापासून ते वापरताना जीभ अडखळते. का अडखळते, ते सांगण्यासाठी हा लेख.

चंद्रपूरहून आलापल्लीला आणि तिथून पेरमिली, ताडगाव करत भामरागडला जायचे. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना सागाचे आणि बांबूचे रान लागते आणि रस्ता संपतो तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना भेटतात. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. वस्ती प्रामुख्याने माडिया गोंडांची. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची नोंद केंद्र सरकारने अतिअसुरक्षित आदिम जमाती म्हणून केली आहे त्यांत कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबर माडिया आहेत. एकेकाळी हा सारा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत होता. पुढे तो चांदा जिल्ह्यात राहिला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा त्यात गेला.

आम्ही गेलो ते दिवस पावसाळा संपल्यानंतरचे होते. संध्याकाळी एका घरी बसलो होतो. कौलांवर छत्री होती, आत टीव्ही लावलेला होता आणि त्याच्यासमोर दोन वर्षांचे एक पोर डोळे न हलवता बसले होते. त्याची आई सुपात तांदूळ पाखडत होती. पडद्यावर कुठल्याशा दुधात घालायच्या भुकटीची जाहिरात चालू होती. आमच्यातला मास्तर जागा झाला. इतक्या लहान मुलाला टीव्हीसमोर बसवू नये, हे आम्ही तिला समजावून सांगितले. तिच्या नवऱ्याने ते माडियात सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की भात शिजेपर्यंत याला चुलीपासून लांब कोणी ठेवायचे? मग बोलता बोलता ताप या विषयावर गोष्ट आली. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासायला द्यायचे, मूल डोळे फिरवू लागले तर रात्र असली तरी थांबायचे नाही, गोळ्या ताप उतरल्यावरही संपवायच्या, हे सगळे तिने न चुकता सांगितले. कुठे शिकलीस, असे विचारल्यावर तिने सासूकडे बोट दाखवले. टीव्हीने यातले तिला काही सांगितले होते का? ती हसली. तो डब्बा तिच्या भाषेत बोलतच नव्हता.

त्या हसण्याने आम्हाला इतिहासाकडे वळवले. एखाद्या आईला हिवतापाचे सगळे नियम ठाऊक असतात आणि टीव्हीचा एकही नियम ठाऊक नसतो, याला अज्ञान म्हणायचे की आणखी काही? एक नियम तिच्यापर्यंत पोचला, दुसरा पोचला नाही. पोचवणारे कोण होते आणि ते कोणत्या वाटेने आले, हे पाहिल्याशिवाय तिला बोल लावता येणार नाही.

एकाच काळातल्या दोन वाटा

खेड्यातल्या माणसापर्यंत ज्ञान यंत्राने पोचवावे ही कल्पना महाराष्ट्रात फार जुनी आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावातली वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि त्यावर आपसांत चर्चा करत. दहा आठवड्यांनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल नॉयराथ यांनी त्याचा अभ्यास केला. ज्या गावांत मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता तिथे फारसा फरक दिसला नाही. म्हणजे रेडिओ दोन्हीकडे होता, आवाज तोच होता. फरक होता तो ऐकून झाल्यावर शेजारी बसून 'तू काय समजलास?' असे विचारणाऱ्या माणसाचा. ही गोष्ट आपल्याला १९५६ सालीच कळली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे टीव्ही आला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोवर ते शहराचे खेळणे होते. १ ऑगस्ट १९७५ रोजी मात्र एक मोठे धाडस झाले. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सरकारने थेट आभाळातून टीव्ही उतरवला. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो प्रयोग ओळखला जातो. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम. शाळेत किंवा पंचायतीत एकच संच आणि त्याच्यासमोर सारे गाव. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग भागांतील खेडी होती, म्हणजे चांद्याच्या जंगलाला लागून असलेला छत्तीसगड होता. मुलांनी टीव्ही पाहणे ही चांगली गोष्ट आहे, असे त्या वर्षी सरकार स्वतः आईबापांना सांगत होते, हेही विसरू नये. ३१ जुलै १९७६ रोजी उपग्रहाची मुदत संपली आणि त्यांतल्या बऱ्याच गावांतले पडदे काळे झाले.

त्याच सुमारास सीमेच्या अलीकडे दुसरी एक वाट तयार होत होती. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता आणि सुरुवातीला रोगीही नव्हते. अंगावर कपडे घातलेला, न कळणारी भाषा बोलणारा माणूस आपल्याला बरे करील यावर माडियांनी विश्वास का ठेवावा? आजवर असा माणूस आला तो लुबाडायला किंवा हुकूम सोडायला. आजारी पडले तर गावचा पुजारी होता. तो निदान आपल्या भाषेत बोलत होता, घरच्यांची विचारपूस करत होता.

या डॉक्टर जोडप्याने पहिल्यांदा माडिया भाषा शिकून घेतली. आमच्या मते हेमलकशाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची शस्त्रक्रिया होय. मग एखादा मरणाच्या दारातला रोगी येई, बरा होऊन पायी परत जाई आणि त्याच्या गावातून पुढच्या वेळी चौघे येत. जाहिरात म्हणून जे काही झाले ते बऱ्या झालेल्या माणसांच्या चालण्याने झाले. १९७६ साली तिथे शाळा निघाली आणि त्या शाळेतून शिकलेल्या मुलांमधून पुढे डॉक्टर, शिक्षक आणि आरोग्यसेवक झाले. आम्हाला भेटलेल्या त्या सासूबाई याच वाटेवरच्या. त्यांना अक्षर येत नाही. पण मेंदूच्या हिवतापाची लक्षणे त्यांच्या तोंडपाठ आहेत, कारण ती त्यांना एका माणसाने त्यांच्या भाषेत, त्यांच्या आजारी मुलाच्या खाटेपाशी उभे राहून सांगितली होती.

वाळूची घडी आणि मणी

आरोग्याची जाण आणि अक्षरओळख या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा आणखी ठळक पुरावा याच जिल्ह्यात आहे, पण भामरागडात नाही. त्यासाठी दीडशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, गडचिरोली शहराजवळच्या शोधग्रामात जावे लागते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या आदिवासींशी बोलून त्यांनी दवाखाना बांधला, तो आदिवासी घरांसारखा आणि नाव दिले माँ दंतेश्वरीचे. लोकांना परका वाटेल असा दवाखाना लोक वापरत नाहीत, एवढे साधे त्यामागचे सूत्र होते.

त्या भागात लहान मुले न्यूमोनियाने मोठ्या संख्येने दगावत. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावे लागते. आणि ज्या सुईणींनी ते मोजायचे त्यांना दहा-बाराच्या पुढे आकडे येत नव्हते. एखाद्या अधिकाऱ्याने इथे 'आधी साक्षरता, मग आरोग्य' असा शेरा मारून फाइल बंद केली असती. सर्चने एक साधे यंत्र केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर मुलाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. आकडे न येणाऱ्या बाईच्या हातात निदान आले. गावातल्याच माणसांना शिकवून केलेल्या या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत काम झाले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

पुढे ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार झाल्या. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाला उबदार कसे ठेवायचे, दूध कसे पाजायचे, कोणते लक्षण धोक्याचे, हे आईला आणि आजीला दाखवत आणि जंतुदोष झालेल्या बाळावर घरीच उपचार करत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांत हजारी ५९.६ नवजात बालके दगावत असताना आरोग्यदूतांच्या गावांत ते प्रमाण २५.५ वर आले होते. २०११ साली घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. म्हणजे अख्ख्या देशाने गडचिरोलीच्या बायकांकडून धडा घेतला. आरोग्याची जाण नसलेले पालक म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्याच या बायका.

आमच्या मोहल्ल्यातला टीव्ही

दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगताना आपल्या घराची झाकून ठेवणे बरे नव्हे. चंद्रपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. अख्ख्या गल्लीत दोन-तीन संच. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि हिंदू-मुसलमान सगळी पोरे त्याच दोन-तीन घरांत कोंबली जाऊ लागली. काही घरांत मात्र टीव्ही यायलाच नको होता. घरात चित्रे नाचवणारे यंत्र नको, नमाजात मन लागणार नाही, असे वडीलधारे म्हणत. त्यांच्याकडे आम्ही तेव्हा मागासलेले म्हणून पाहिले. आज शहरातले सुशिक्षित आईबाप निराळी कारणे देऊन घरातून टीव्ही काढून टाकतात तेव्हा त्यांना आपण जागरूक म्हणतो. कृती तीच. आपण कृती पाहत नाही, माणसाचे कपडे पाहतो, असे कधी कधी वाटते.

आमच्या अम्मीचे टीव्हीविषयी एकच वैद्यकीय मत होते. जवळ बसू नका, डोळे जातील. गल्लीतल्या प्रत्येक आईचे तेच मत होते. टीव्हीजवळ बसल्याने डोळे कायमचे अधू होतात याला आधार नाही, हे आज डॉक्टर सांगतात. मुले उघड्यावर कमी खेळली तर चष्मा लवकर लागतो, हे मात्र खरे. पण त्या काळात गरिबांच्या मुलांचे डोळे खरोखर ज्या गोष्टीने जात होते ती निराळीच होती. अ जीवनसत्त्वाची उणीव. त्यासाठी १९७० पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. पण संध्याकाळ झाली की ठेचाळणाऱ्या मुलाला पालेभाजी, पपई, तो डोस हवा, हे आमच्या अम्मीला कुणी घरी येऊन सांगितले नव्हते. तिला काळजी होती, तिने डोळ्यांसाठी धोका शोधला आणि समोर जो नवा डब्बा होता त्याच्यावर बोट ठेवले. अडाणी माणूस बेफिकीर असतो हा मोठा गैरसमज आहे. काळजी त्याला आपल्याइतकीच असते. ती कुठे खर्च करावी हे सांगणारा त्याला भेटत नाही, एवढेच.

याचाच दुसरा पुरावा पोलिओचा. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. टीव्हीवर मोठमोठे नट दोन थेंबांचे आवाहन करत होते. तरीही २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, बहुतेक उत्तर प्रदेशात आणि त्यांत मुसलमान मुलांचे प्रमाण मोठे होते. हे थेंब पाजले की पुढे मुले होत नाहीत, अशी अफवा वस्त्यांतून फिरत होती. आवाहन टीव्हीवरून येत होते आणि अफवा शेजारणीकडून. शेजारीण जिंकली. मग शहाणपण सुचले. त्याच मोहल्ल्यांतल्या बायकांना कामाला घेतले गेले, त्या घरोघर जाऊन बसू लागल्या, मशिदींचे इमाम आणि अलिगढ, जामिया यांसारख्या विद्यापीठांतली माणसे पुढे आली. आता शेजारीण थेंबांच्या बाजूने बोलू लागली. जानेवारी २०११ नंतर देशात एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मोहल्ल्यातली ती बाई आणि गडचिरोलीची आरोग्यदूत या सख्ख्या बहिणी आहेत.

छत्री आली, पण कोणाच्या भाषेत?

भामरागडच्या खेड्यांत टीव्ही आला तो शहरासारखा टप्प्याटप्प्याने आला नाही. उंच अँटेना, मग केबल, मग छत्री, असा आपला क्रम. केबल टाकायला जंगलात कोण जाणार? डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क छत्रीची सेवा सुरू झाली आणि महिन्याचे पैसे न भरता वाहिन्या दिसू लागल्या. मग जिथे वीज किंवा सौर पाटी पोचली तिथे एखाद-दुसऱ्या कौलावर, छपरावर छत्री दिसू लागली. चाळीस वर्षे हळूहळू मुरलेली वस्तू तिथल्या आईबापांसमोर एकदम, सगळ्या वाहिन्यांसकट येऊन उभी राहिली.

त्यांनी तिच्याविषयी काय मत बनवले? आम्ही ज्या थोड्या घरांत बसलो तिथे आम्हाला तीन गोष्टी ऐकू आल्या. पहिली, मुलगा हिंदी-मराठी शिकतो. ज्यांना आठवडी बाजारात, कचेरीत, पोलिसांसमोर भाषा न आल्याची किंमत मोजावी लागली आहे त्यांच्या तोंडून हे कारण आले की ते हलके वाटत नाही. दुसरी, मूल घरात राहते, नदीकडे आणि चुलीकडे जात नाही. तिसरी तक्रार होती. मुले पडद्यावरची खाण्याची पुडकी मागतात आणि घरचे अंबील नको म्हणतात. या तिसऱ्या गोष्टीत जे शहाणपण आहे ते ओळखायला पदवी लागत नाही. बाळाच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात आईच्या दुधाला मारक ठरते हे ओळखून आपल्या संसदेने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा अन्नाच्या जाहिरातीला बंदी आहे. त्याहून मोठ्या मुलांना भुलवणाऱ्या पुडक्यांचे मात्र तसे नाही. पंचवीस वाहिन्या आणि त्यांच्यामागचा पैसा एका बाजूला आणि भात शिजवणारी एक आई दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे.

आणखी एक बाब शहरी लेखकांच्या ध्यानात येत नाही. या भागातली पुष्कळ मुले वर्षाचा मोठा भाग आश्रमशाळेच्या वसतिगृहात काढतात. ती काय पाहतात, किती वेळ पाहतात, यावर आईबापांचा हात पोचतच नाही. सुटीत घरी आलेले मूल आवडी घेऊन येते, तेव्हा त्यांना कळते. पालकांच्या दृष्टिकोनाची चर्चा करताना इथला पालक कोण, हाही प्रश्न विचारायला हवा.

आणि मग २०२० साल आले. करोनाने शाळा बंद झाल्या, वसतिगृहे रिकामी झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकांवर आधारलेली मालिका सुरू झाली. उपक्रम चांगलाच होता. पण कालपर्यंत ज्याला 'बंद कर' म्हणत होतो त्या डब्ब्यालाच सरकारने आणि गुरुजींनी शाळा म्हटले. १९७५ सालची गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा आली. फरक एवढाच की १९७५ साली सारे गाव एका संचासमोर बसत होते आणि आता ज्याच्याकडे संच नाही ते मूल एकटे बाहेर राहिले. ज्याच्याकडे होता त्यालाही मराठीतला पाठ माडियात उलगडून सांगणारा शेजारी हवा होता. आईबापांना ते येत नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता.

भोंगा आणि गोटूल

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन वर्षांपर्यंतही ते नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली जवळपास तसाच सल्ला दिला. मुलाने हालचाल करावी, पुरेसे झोपावे, माणसांशी बोलावे, कारण बोलणे ते माणसाकडूनच शिकते, एवढे त्याचे सार. नियम योग्यच आहेत. ते पाळायचे कसे?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये यावर आपला तोडगा काढला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. करोनाच्या काळात हातात आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटत नाही, हे पाहून गावाने एकत्र बसून हा ठराव केला. देशभर त्याचे कौतुक झाले. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भोंगा मुलांसाठी वाजतो तसा आईबापांसाठीही वाजतो. मालिका बघणारी आई आणि बातम्या बघणारा बाप दोघांनाही उठावे लागते. एकट्या घराला जे जमत नाही ते गावाला जमते.

भामरागडला असा भोंगा लावावा, असे आम्ही सुचवणार नाही. तिथल्या माडियांना संध्याकाळी एकत्र बसणे नवे नाही. गोटूल ही त्यांची जागा आहे. तिथे गाव बसते, निवाडे होतात, रेला गायला जातो, लहान मुले मोठ्यांच्या मांडीवर ऐकता ऐकता झोपतात. मुलांना माणसांशी बोलू द्या असे जे जिनिव्हाहून सांगितले जाते, त्याची सोय या गावांनी फार पूर्वीच केली होती. ती मोडू न देणे, एवढे आपल्याला जमले तरी पुरे. आणि टीव्हीविषयी काही सांगायचे असेल तर ते हिवतापाचे सांगितले त्याच वाटेने सांगितले पाहिजे. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातेच. दूध पाजण्याविषयी बोलताना पडद्याविषयीही दोन वाक्ये माडियात बोलता येतील. चुलीपासून मूल लांब ठेवायला दुसरा काय उपाय, याचेही उत्तर तिने बरोबर न्यावे. ते उत्तर अंगणवाडीच्या वेळा असेल, आजी असेल किंवा चुलीभोवती घातलेला आडोसा असेल. उत्तर न देता नुसता निषेध सांगणे हे आम्ही त्या संध्याकाळी केले, तेवढेच होईल.

२०१४ साली हेमलकशाच्या कामावर मराठी चित्रपट निघाला. पुढे तो टीव्हीवरही लागला आणि शहरातल्या आईबापांनी मुलांना मुद्दाम समोर बसवून दाखवला. आम्हीही दाखवला. शहराने भामरागडला पडद्यावर पाहिले, डोळे पुसले. पण भामरागडच्या आईने पडद्यावर पाहावे, तिला कळावे, तिच्या मुलाच्या तापाविषयी, दुधाविषयी, झोपेविषयी तिच्या भाषेत बोलावे, असे किती तास आपण त्या डब्ब्यात घातले?

आम्ही निघालो तेव्हा भात शिजला होता. तिने टीव्ही बंद केला, पोराला कडेवर घेतले आणि आमच्यासाठी पाने मांडली. टीव्ही बंद करायला तिला आम्ही सांगितले नव्हते. जेवताना तो लावत नाहीत, असे तिचा नवरा म्हणाला. आमच्या घरी तो जेवतानाच लागतो, हे आम्ही त्याला सांगितले नाही.